सत्तीचं मटण

चौकटच्या सत्तीने माझ्या मुलीचं लग्न जवळजवळ मोडलं होतं. हे वाक्य मी शांतपणे उच्चारलं की समोरचा माणूस आधी मला खुर्ची देतो, मग पाणी विचारतो आणि मग हळूच माझ्या बायकोकडे बघतो. बायको मान डोलावते. "खरं आहे ते," ती म्हणते, "पण सत्तीला कशाला दोष द्यायचा? ती काय आपल्या पायांनी चालत आली होती?"

आता सगळं नीट सांगतो. भोरमध्ये माझं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि दर रविवारी आम्ही काही जण भाताच्या गिरणीच्या माळ्यावर ब्रिज खेळतो. (हो, ब्रिज. भोरमध्ये. पुण्याचे पाहुणे हे ऐकून जेवढं हसतात तेवढं तुम्हीही हसून घ्या, मी थांबतो.) फार पूर्वी पाटबंधारे खात्यात बदलून आलेल्या एका इंजिनिअरला इथे संध्याकाळ खायला उठायची, म्हणून त्याने चौघांना धरून हा खेळ शिकवला. पुढे त्याची बदली झाली, खेळ मात्र राहिला. जाताना तो एक खोडही मागे ठेवून गेला.

ती खोड अशी. डावातला अगदी शेवटचा हात चौकटच्या सत्तीने जिंकायचा! एक्क्याने, राजाने कोणीही जिंकेल. त्या किरकोळ, कोणी न विचारणाऱ्या सत्तीने जिंकायचा, आणि वर जेवढे हात करीन म्हणून बोली लावली असेल तेवढेही पुरे करायचे. हे जमलं की समोर बसलेल्या जोडीदाराने तुम्हाला बिअर पाजायची, असा म्हणे मोठ्या शहरांतला रिवाज. पण आमच्या माळ्याखाली गिरणीमालकांचे वडील बसायचे. त्यांना कोंड्याच्या धुरळ्यातूनही बाटलीचा वास यायचा. म्हणून बिअर गेली आणि तिच्या जागी मटण आलं. सुरुवातीला हे मटण भिडूंच्या बायका करायच्या. त्यांनी एके रविवारी एकजूट केली आणि सगळ्यांच्या घरी दुधी भोपळा शिजवला. तेव्हापासून नियम असा झाला की मटण जोडीदाराने स्वतःच्या हाताने रांधायचं.

इथे माझं नशीब उघडलं, कारण माझे जोडीदार इकबालभाई. भोर ते नसरापूर वडापची गाडी (माणसं भरली की सुटणारी) चालवतात, पण देवाने त्यांना खरं तर पातेल्यासमोर उभं राहण्यासाठीच जन्माला घातलंय. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजणार, पाट्यावर वाटणार, आणि रस्सा असा करणार की चौथ्या भाकरीला मी बायकोचं नाव विसरतो. (एकदा खरंच विसरलो होतो. तिने नंतर आठवण करून दिली, आठवडाभर.) त्यामुळे चौकटची सत्ती हातात आली की माझं डोकं बंद पडतं आणि तोंडाला पाणी सुटतं. बोली, मोजणी, जोडीदार, सगळं मागे पडतं. ती सत्ती मी पोटाशी धरून शेवटपर्यंत नेतो, मग डाव बुडाला तरी बेहत्तर.

इकबालभाई मात्र सत्ती कधीच राखत नाहीत. अंगावरचं झुरळ झटकावं तशी ती पहिल्या संधीला टेबलावर फेकतात. त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी त्यांनी एकदा सत्तीने शेवटचा हात मारला होता आणि नियमाप्रमाणे मी त्यांना मटण करून घातलं होतं.

एवढी माहिती पुरे. आता लग्नाकडे येतो.

आमची ऋतुजा पुण्यात नोकरी करते. तिथेच तिला विंझरचा संकेत भेटला. पोरगा गुणी, निर्व्यसनी, आम्हालाही पसंत. दोघांचं ठरलेलंच होतं, फक्त मोठ्यांची बैठक बाकी होती. पण संकेतचे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. जायच्या आदल्या दिवशी ऋतुजाचा फोन आला.

"बाबा, संकेतचे बाबा हो म्हणाले की झालं. पण ते एकदा नाही म्हणाले ना, तर परत विचार करत नाहीत."

"अगं, मी बोलतो ना त्यांच्याशी."

"बाबा, तुम्ही शक्यतो बोलूच नका."

रविवारी सकाळी इकबालभाईंच्या गाडीतून आम्ही निघालो. मी, बायको सुनंदा आणि पुढे इकबालभाई. ऋतुजा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली, त्यांच्याशिवाय बैठक होणंच शक्य नव्हतं. नसरापूरला पेढे घेतले. मार्गासनी मागे पडली. मग सुनंदा म्हणाली, "एकच सांगते. पत्त्यांचं नाव काढायचं नाही."

"मी कशाला काढू?"

"आन् त्यांनी काढलं तर?" इकबालभाई आरशातून माझ्याकडे बघत होते. "सुभेदार बी ब्रिज खेळतात, पोरगीच म्हनत हुती. विलासराव, बसायची येळ आली तर बसा, पर सत्ती हातात आली तर पैल्या झटक्यात फेकून द्या. माझी शपत हाय तुमाला."

"अहो, मी काय लहान आहे?"

इकबालभाईंनी गिअर बदलला आणि सुनंदाने पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून काढून घेतला.

विंझरला सुभेदार दारातच उभे होते. पांढऱ्याशुभ्र कपड्यांच्या घड्या अशा कडक की हात लावला तर बोट कापेल. त्यांच्या पत्नीला सगळं गाव आक्का म्हणतं. ठेंगण्या, हसऱ्या, पण नवऱ्यासमोर जरा मागेच उभ्या. पाणी झालं, चहा झाला. आतून पुरणाचा वास येत होता. सुनंदा बायकांमध्ये स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. मी भात, पाऊसपाणी आणि रस्ता या तिन्ही विषयांवर मोजून बोललो. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सुभेदारांनी गुडघ्यावर थाप मारली.

"पावणं, म्या कुंडली-बिंडली बघत न्हाई. माणूस बघतो. आन् माणूस कुठं कळतो ठावं हाय का? पत्त्यांवर! तितं कुनाला सोंग आनता येत न्हाई. जेवनाला अजून येळ हाय, बसू या."

मी उंबऱ्याकडे बघितलं. सुनंदाने डोळे मिटून घेतले होते.

बैठक पडली. दोन्ही व्याही एका बाजूला, म्हणजे मी आणि सुभेदार जोडीदार. विरुद्ध बाजूला इकबालभाई आणि आक्का. आक्कांना खेळता येतं हे ऐकून मी चकित झालो.

"यांनीच शिकिवलं," आक्का म्हणाल्या. "गावात यांच्या जोडीला दुसरं कोन हाय खेळायला? पर लगीन झाल्यापास्नं म्या यांचीच डमी. आज पैल्यांदा यांच्या इरुद्द बसतीया."

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी डमीबद्दल दोन शब्द. बोली जिंकणारा खेळतो आणि त्याचा जोडीदार आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. त्याची पानंही खेळणाराच खेळतो. डमीने बोलायचं नाही, सुचवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. (संसारात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे नव्याने समजावायची गरज नाही.)

आणि काय सांगू, मी त्या दिवशी सुरेख खेळलो! सत्ती दुसऱ्या कोणाकडे तरी जात होती, त्यामुळे माझं डोकं शाबूत होतं. सुभेदार खुलत चालले. "वा!" म्हणाले. मग "शाब्बास!" म्हणाले. उंबऱ्याशी सुनंदाने लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या पत्त्यांकडे कौतुकाने बघितलं.

"पावणं, माणूस पारखला म्या," सुभेदार पत्ते पिसता पिसता म्हणाले. "ह्यो शेवटचा डाव. मग सुपारी फोडू आन् जेवाय बसू."

सुपारी फोडायची म्हणजे लग्न ठरलं! मी आनंदाने पानं उचलली, लावायला घेतली आणि कोपऱ्यातून चौकटची सत्ती माझ्याकडे बघून हसली.

माझे कान लाल होतात, असं लोक म्हणतात. मला ते दिसत नाहीत, पण इकबालभाईंना दिसले. ते खोकले. मी लक्ष दिलं नाही. ते पुन्हा खोकले, या वेळी छातीपासून.

"इकबालभाई, पानी घ्या," सुभेदार कडक आवाजात म्हणाले. "ब्रिजमदी खोकायचं न्हाई. खोकून बी पान सांगता येतं."

बिचारे तांब्याभर पाणी प्यायले आणि कपाळाला हात लावून बसले.

बोली माझ्याकडे आली. तीन नो-ट्रंप, म्हणजे हुकूम कुठलाच नाही आणि तेरापैकी नऊ हात मी करायचे. सुभेदारांनी आपली पानं ओळीत मांडली, जणू परेडच उभी केली, आणि हाताची घडी घालून बसले. आता ते डमी. त्यांचं तोंड बंद आणि माझं नशीब मोकळं.

एकेक हात मी घेत गेलो. आठ हात झाले. हातात तीन पानं उरली: किलवरची राणी, इस्पिकची पंजी आणि माझी लाडकी सत्ती. किलवरमधली मोठी पानं सगळी येऊन गेली होती, म्हणजे राणीला कोणी मारूच शकत नव्हतं. आणि खेळायची पाळी माझीच होती. राणी उचलायची, टेबलावर ठेवायची, नववा हात घ्यायचा, सुपारी फोडायची. दुकानातल्या पान्यालाही कळलं असतं.

पण राणी आत्ता टाकली, तर पुढे पंजी जाणार, तो हात विरुद्ध बाजूला जाणार आणि शेवटी काय खेळायचं ते आक्का ठरवणार. मग सत्तीचं काय? त्यापेक्षा आधी पंजी देऊन टाकावी. आक्का ती मारतील. मग त्या किलवर खेळतील. (का खेळतील? मला ते हवं होतं म्हणून!) मग माझी राणी नववा हात घेईल आणि शेवटी सत्ती. चौकटची मोठी पानं सगळी गेलीच होती, अठ्ठी तर मी स्वतः जाताना बघितली होती. आणि मग रिवाजाप्रमाणे सुभेदार स्वतःच्या हाताने मला मटण रांधून घालणार. विंझरचं बोकड, चुलीवरचं! व्याह्यांच्या प्रेमाची याहून चांगली सुरुवात कोणती? (सुभेदारांना हा रिवाज ठाऊकच नव्हता, ही बारीकशी गोष्ट त्या क्षणी माझ्या लक्षात आली नाही.)

मी पंजी टाकली.

सुभेदारांच्या मिशीचं एक टोक हललं. बाकी शरीर डमीच्या नियमात होतं.

आक्कांनी नव्वीने तो हात मारला. मग किलवर खेळायचं सोडून त्यांनी बदामचा गुलाम टाकला. बदाम माझ्याकडे नव्हताच. दोन पानांपैकी एक फेकायला हवं होतं, राणी किंवा सत्ती. आता कोणीही शहाणा माणूस काय करेल ते तुम्हाला माहीत आहे. मी राणी फेकली.

"या अल्ला!" इकबालभाईंच्या तोंडून निघून गेलं.

सुभेदारांचा चेहरा हळूहळू विटेच्या रंगाचा झाला. त्यांना ओरडायचं होतं. पण डमीने बोलायचं नसतं, आणि हा माणूस नियम मोडणाऱ्यांतला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले.

आक्कांनी शेवटचं पान उलटलं. चौकटची अठ्ठी! मी जाताना बघितली होती ती बदामची अठ्ठी होती. दोन्ही लालच की हो! माझी सत्ती तिच्याशेजारी ओशाळून पडली. आठच हात झाले, डाव एका हाताने बुडाला.

डाव संपला, म्हणजे डमीला बोलायची परवानगी मिळाली.

"राणी व्हती?" सुभेदारांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"होती."

"मोठी व्हती?"

"सगळ्यांत मोठी."

"पाळी तुमची व्हती?"

"माझीच."

"मग?"

मी इकबालभाईंकडे बघितलं, त्यांनी आढ्याकडे. शेवटी मीच सगळं सांगितलं. सत्ती, रिवाज, गिरणी, मटण. मटण म्हणताना नको म्हटलं तरी माझ्या तोंडाला पाणी सुटलंच आणि ते सुभेदारांना दिसलं.

"म्हंजी," ते उठले, "मुटीतली जीत तुमी रश्श्यापायी सोडली. ज्यो माणूस एक पान सोडंना, त्येच्या घरात म्या सोयरीक करू?" आणि ते तडक गोठ्याकडे निघून गेले. पायातलं पायताणही घालायचं राहिलं.

 पुरणाचा वास अजून येत होता, आणि तो आता आपल्या वाट्याला येईल की नाही ही शंका मला पहिल्यांदा शिवली. (ऋतुजाची शंका दुसऱ्यांदा शिवली. हे मी आजवर सुनंदाला सांगितलेलं नाही.) मग मात्र तिचे शब्द आठवले. पोरीने माझ्याकडे एकच मागणं मागितलं होतं, तोंड बंद ठेवा. तोंड मी डावभर बंदच ठेवलं होतं, तरी घात झाला होता. नेमका तेव्हाच तिचा फोन आला. सुनंदाने उचलला.

"काय झालं, आई? सुपारी फुटली?"

"तुझ्या बापाने सत्ती राखली."

 पलीकडून ऋतुजाचा रडवेला आवाज आला, "आई गं! कोणी बसू दिलं त्यांना?"

सुनंदा माझ्याकडे वळली. काय बोलली ते छापण्यासारखं नाही. मी मान खाली घालून सत्तीकडे बघत राहिलो. आणि तेवढ्यात कोणीतरी हसलं.

आक्का हसत होत्या. पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते. मग पदर सुटला आणि त्या मोकळ्या आवाजात हसायला लागल्या. आतल्या बायका बाहेर धावल्या. गोठ्यातून सुभेदार परत आले, त्यांना वाटलं आक्कांना झटका आला.

"आगं, काय झालं?"

"तुमास्नी पाडलं म्या!" आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं पानं मांडून गप बसत्ये. कवा म्हनून तुमच्याम्होरं जितली न्हाई. आज पाडलं, आन् ते बी अठ्ठीनं!"

"त्ये तुज्यामुळं न्हाई, ह्या पावण्यामुळं…"

"व्हय तर! म्हनूनच म्हन्ते, ह्येच व्याही पायजेत! असा माणूस लई शोदला तरी गावायचा न्हाई. ह्ये तुमच्या बाजूला बसलं की म्या जितलेच. फोडा सुपारी!"

"आगं, पन…"

"पन न्हाई न् बिन न्हाई. इतकी वरसं म्या डमी व्हते. आता तुमी गप ऱ्हावा."

सुभेदारांनी आक्कांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग उघड्या पडलेल्या अठ्ठीकडे बघितलं. सैन्यात वरून हुकूम आला की काय करायचं असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. सुपारी फुटली. इकबालभाईंनी पहिला पेढा स्वतःच्या तोंडात टाकला, आणि मग त्यांना जो खोकला लागला तो मात्र खराखुरा होता. मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. पाचवीला सुनंदाने माझं ताट उचललं.

लग्न थाटात झालं. पोरगी सुखात आहे. आता रविवारी अधूनमधून विंझरला बैठक बसते, त्याच जागा, त्याच जोड्या. आक्का नेमाने जिंकतात. सुभेदारांनी त्यावर एक तोड काढली आहे. मी काहीही बोली लावली की ते दुसऱ्याच रंगात एकाने वर चढतात, म्हणजे डाव त्यांच्याकडे जातो आणि मी डमी. पानं मांडतो, हाताची घडी घालतो, गप्प बसतो. आक्का मला समजुतीने सुपारीचं खांड देतात. "व्हतं मग सवयीनं," म्हणतात.

पण जीभ ही सगळ्यांना सारखीच असते. मध्यंतरी एकदा सत्ती सुभेदारांच्या हातात गेली. बघतो तर काय, त्यांचे कान लाल! ते एकेक पान सोडत गेले, बोली पुरी केली आणि शेवटच्या हाताला धाडकन् चौकटची सत्ती टेबलावर आपटली. जिंकले! पहिल्यांदाच त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "पावणं, रिवाज म्हंजी रिवाज. रांदा आता मटण."

रिवाज म्हणजे रिवाज. मी चुलीपाशी गेलो. इकबालभाई काहीतरी काम आठवून घाईघाईने मार्गासनीला गेले. सुभेदारांनी पहिला घास घेतला, शिस्तीत गिळला, भरल्या डोळ्यांनी पुढचाही गिळला. सैनिकच तो, पानातलं सगळं संपवलं. तेव्हापासून सत्ती हातात आली की तेसुद्धा ती झुरळासारखी झटकून टाकतात.

हे सगळं मी ऋतुजाला फोनवर रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही सत्ती राखलीत त्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ केलंय. नशीब माझं, लग्नाआधी तुम्ही त्यांना मटण करून घातलं नाहीत!"